मुलींचे मैदान लहान का?

शाळेच्या पटांगणावर फक्कीने कबड्डीचे मैदान आखून घेणाऱ्या क्रीडाशिक्षकांना दोन मापे तोंडपाठ असतात. पुरुषांसाठी १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, महिलांसाठी १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद. क्षेत्रफळ काढले तर पहिले १३० चौरस मीटर भरते, दुसरे ९६. म्हणजे महिलांचे मैदान पुरुषांच्या मैदानाच्या सुमारे ७४ टक्के. वेळेचेही तसेच. पुरुषांच्या सामन्याचे पूर्वार्ध व उत्तरार्ध प्रत्येकी २० मिनिटांचे आणि महिलांचे १५ मिनिटांचे, असे नियमपुस्तकात वर्षानुवर्षे छापलेले होते. गुणोत्तर जवळजवळ तेच, तीन चतुर्थांश.

यात काही गैर आहे का? मापापुरते पाहिले तर एक सरळ उत्तर देता येते. भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटीमीटर आणि स्त्रियांची सुमारे १५२. हे गुणोत्तर ०.९२ येते, आणि गंमत अशी की १२ भागिले १३ केले तरी ०.९२ येते! चढाई करणाऱ्या खेळाडूची ढांग आणि हाताची पोच उंचीवर अवलंबून असते, तेव्हा मैदानाची लांबी त्या प्रमाणात कमी करणे समजण्यासारखे आहे. (रुंदीच्या बाबतीत हा हिशेब जमत नाही, हे विद्यार्थ्यांनी ताडून पाहावे.) पण वेळेचे काय? उंची कमी म्हणून दम पाच मिनिटे आधी संपतो, असे शरीरशास्त्र सांगत नाही. फुटबॉलचा सामना स्त्रिया पूर्ण ९० मिनिटे खेळतात, तोही पुरुषांइतक्याच मैदानावर.

नियम करणाऱ्यांच्या मनात नेमके काय होते ते नियमपुस्तक सांगत नाही. मात्र 'बाईच्या जातीला इतके झेपायचे नाही' हा समज कुठल्या एका गावाचा किंवा देशाचा नव्हता. त्याला एकेकाळी विज्ञानाचा शिक्का मिळालेला होता. तो शिक्का कसा उमटला आणि कसा पुसला गेला, हा विज्ञानाच्या इतिहासातला शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा भाग आहे.

थैलीतली शक्ती

१८७३ साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. एडवर्ड क्लार्क यांचे मुलींच्या शिक्षणाविषयीचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. क्लार्क हे हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले, प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शरीराजवळ शक्तीचा साठा मर्यादित असतो. वयात येताना मुलीच्या प्रजननसंस्थेची घडण होत असते. तेव्हाच तिने मेंदूला किंवा स्नायूंना मुलांइतके राबवले, तर घडणीसाठी लागणारी शक्ती तिकडे खर्च होईल व पुढे ती मुलगी आजारी राहील, कदाचित तिला मूलही होणार नाही. म्हणून मुलींनी अभ्यास कमी करावा व दर महिन्याला पाळीच्या दिवसांत सक्तीने विश्रांती घ्यावी.

आज हे वाचून हसू येते. पण त्या काळी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम भौतिकशास्त्रात नवा व मोठ्या मानाचा होता. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, हे खरेच आहे. क्लार्क यांच्या मांडणीत मात्र शरीर म्हणजे जणू ठरावीक रकमेची थैली. एका हाताने काढले की दुसऱ्यासाठी उरले नाही. माणूस रोज जेवतो आणि थैली पुन्हा भरते, एवढी साधी गोष्ट त्यातून निसटली होती. शिवाय त्यांचा पुरावा म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आजारी मुलींच्या हकिगती. ज्या मुली शिकल्या, खेळल्या आणि ठणठणीत राहिल्या त्या डॉक्टरांकडे येणार कशाला?

या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्याला खरे उत्तर दिले ते न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी. पाळीच्या काळात स्त्रियांना विश्रांतीची गरज असते का, हाच विषय हार्वर्डने एका निबंधस्पर्धेसाठी ठेवला होता. निबंध निनावी पाठवायचे असत. जेकोबींनी काय केले? एक हजार स्त्रियांना प्रश्नावल्या पाठवल्या. पाळीच्या दिवसांत दुखते का, किती दुखते, काम काय करता, चालणे किती होते, खाणेपिणे कसे, असे प्रश्न. २६८ उत्तरे आली. त्यांचे तक्ते केले. काही स्त्रियांच्या बाबतीत नाडीचा आलेख काढणाऱ्या यंत्राने महिनाभर नोंदी घेतल्या. निष्कर्ष असा निघाला की, ज्या स्त्रीचे पोषण नीट आहे, तिला पाळीमुळे विश्रांती घ्यावी लागते असे मानण्यास आधार नाही. १८७६ चे बॉयल्स्टन पारितोषिक या निनावी निबंधाला मिळाले. हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयाने विद्यार्थिनींना प्रवेश देण्यास त्यानंतर १९४५ साल उजाडले, हेही जाता जाता नोंदवायला हवे.

'ज्या स्त्रीचे पोषण नीट आहे' ही जेकोबींची अट ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

आणखी एक धागा मराठी वाचकाला जवळचा वाटेल. जेकोबींनी १८६४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली ती पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यक महाविद्यालयातून. त्याच महाविद्यालयातून १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, वयाच्या २१ व्या वर्षी, त्या क्षयाने गेल्या.

बुलडाण्याची तुलना

क्लार्क व जेकोबी यांचा वाद अमेरिकेत चालला होता, त्याच सुमारास वऱ्हाडात बुलडाण्याला एक बाई लिहीत होत्या. ताराबाई शिंदे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलडाण्यात डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर ताशेरे झाडले गेले. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. १८८२ साली ते पुण्यात छापले गेले. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण एकूण समाजाने पुस्तक विस्मरणात टाकले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

या पुस्तकात खेळाचा विषय नाही. मग ते इथे कशाला? माझ्या मते त्यातली पद्धत आपल्या विषयाला थेट लागू पडते. स्त्रीवर जे जे दोष लादले जातात ते ताराबाई एकेक करून उचलतात आणि विचारतात, हाच दोष पुरुषांत नाही का? प्रयोगशाळेत आपण ज्याला तुलनेचा गट म्हणतो तो हाच. क्लार्कसाहेबांनी अभ्यासाने थकलेल्या मुली मोजल्या, पण अभ्यासाने थकलेले मुलगे मोजलेच नाहीत. अर्धीच बाजू मोजून काढलेला निष्कर्ष विज्ञानात बसत नाही, हे हार्वर्डच्या एका प्राध्यापकाला उमगले नाही. बुलडाण्याच्या, कोणत्याही महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेल्या बाईला ते उमगले होते.

फुगडीचे गणित

तोवर आपल्याकडच्या मुली खेळत नव्हत्या काय? खेळत होत्या, आणि भरपूर. श्रावणात मंगळागौरीला झिम्मा, पिंगा, लाट्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाड-खानदेशात भुलाबाई, घाटावर भोंडला. यांतली फुगडी घ्या. दोघी पावले जवळ ठेवून, हात गुंफून, मागे रेलून गरगर फिरतात. एका मुलीचे वस्तुमान ४० किलोग्रॅम, तिचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून ४० सेंटीमीटरवर आणि वेग सेकंदाला एक फेरी असे धरू. अभिकेंद्री बल किती लागेल?

कोनीय वेग ६.२८, त्याचा वर्ग ३९.४. म्हणून बल = ४० × ०.४ × ३९.४ = सुमारे ६३० न्यूटन. मुलीचे वजन सुमारे ३९० न्यूटन. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक बल, आणि त्याचा बराचसा भार हातांच्या पकडीवर! वर तोंडाने उखाणे चालूच. दळण, कांडण, विहिरीवरून पाण्याच्या घागरी, कापसाची वेचणी, यांचा हिशेब तर वेगळाच मांडावा लागेल. या कामांनी गर्भाशयाला इजा होईल अशी काळजी करणारे पुस्तक कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही. काळजी सुरू झाली ती मुलगी चारचौघांत, मोकळ्या मैदानात, हरण्या-जिंकण्यासाठी खेळू लागली तेव्हा. यावरून आक्षेपाचे मूळ शरीरात होते की आणखी कुठे, हे वाचकांनीच ठरवावे.

ॲमस्टरडॅमची शर्यत

आधुनिक ऑलिंपिकचे जनक बॅरन द कुबेर्तँ यांचा स्त्रियांच्या सहभागाला ठाम विरोध होता आणि तो त्यांनी १९१२ मध्ये लेखी मांडला होता. फ्रान्सच्या ॲलिस मिलिया यांनी १९२१ मध्ये स्त्रियांची वेगळी आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटना उभारली आणि १९२२ मध्ये पॅरिसला स्वतंत्र स्पर्धाच भरवून दाखवल्या. त्या दबावामुळे १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी धावण्याच्या व मैदानी खेळाच्या पाच स्पर्धा पहिल्यांदा ठेवल्या गेल्या. त्यांतली एक ८०० मीटर धावण्याची.

अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या. जर्मनीच्या लीना राडके यांनी २ मिनिटे १६.८ सेकंदांचा जागतिक विक्रम करून ती जिंकली. जपानच्या हितोमी किनुए दुसऱ्या आल्या. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून गवतावर टेकल्या, जसे पुरुषही टेकतात. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी काय छापले? अकरा जणी धावल्या, पाच जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली, बाकीच्या कोसळल्या! न धावलेल्या बायकाही बातमीत येऊन शर्यत सोडून गेल्या. या बातम्यांचा आधार घेऊन स्त्रियांच्या ८०० मीटर शर्यतीवर बंदी आली ती १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत. बत्तीस वर्षे.

शिक्षकांना हे उदाहरण वर्गात अवश्य वापरता येईल. निकालपत्रक उपलब्ध होते, पंच हजर होते, छायाचित्रे होती, तरीही ऐकीव गोष्ट टिकली. कारण ती लोकांना आधीपासून ठाऊक असलेल्या 'सत्या'शी जुळत होती.

आपल्याकडे

या बंदीची सावली भारतीय मुलींवरही पडली. १९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, त्यात मुंबईच्या रोशन मिस्त्री यांनी १०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला नीलिमा घोष आणि वांद्र्याच्या मेरी डिसूझा गेल्या. मेरी डिसूझा १०० व २०० मीटर धावल्या. त्याहून लांब धावायचे म्हटले असते तरी सोय नव्हती. हेलसिंकीत स्त्रियांसाठी २०० मीटरहून लांब वैयक्तिक शर्यतच नव्हती.

देशी खेळांत महाराष्ट्र आधीपासून पुढे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. त्याच साली अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झाले आणि वऱ्हाडातल्या कित्येक शाळांना तिथले क्रीडाशिक्षक मिळाले. महिलांची पहिली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५५ मध्ये कलकत्त्याला झाली. खो-खोत पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला आणि महिलांची लगोलग पुढच्या वर्षी कोल्हापूरला झाली. म्हणजे धावण्याच्या जागतिक स्पर्धांत जी दरी अनेक दशकांची होती, ती खो-खोत एका वर्षाची! या खेळाला साहित्य लागत नाही, दोन खांब आणि मोकळी जागा पुरते. गरीब शाळेतल्या मुलींना पहिली संधी बहुधा खो-खोने दिली, असे म्हणायला हरकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबरही शाळेत आधी खो-खोच खेळत असे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पोहोचली व दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी ४०० मीटर अडथळा शर्यतीची अंतिम फेरी गाठली होती. त्यानंतर धावपट्टीवरील शर्यतीत अशी मजल मारणारी ललिता पहिली भारतीय स्त्री. आता यातली सालावळ पाहा. स्त्रियांची ४०० मीटर अडथळा शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच १९८४ मध्ये. १०,००० मीटरची शर्यत पुरुषांसाठी १९१२ पासून होती, स्त्रियांसाठी १९८८ पासून. नाशिकजवळच्या हरसूलच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच अंतरावर कांस्यपदक घेतले. ललिताची अडथळ्यांची शर्यत तर स्त्रियांना २००८ साली, बीजिंगमध्ये खुली झाली. दरवाजा उघडल्यावर आठ वर्षांत एका दुष्काळी तालुक्यातली मुलगी आत पोहोचते. दरवाजा आधी उघडला असता तर?

आजचे विज्ञान

क्लार्क यांचे मत गेले, मग आज शरीरशास्त्र मुलींच्या खेळाविषयी काय सांगते? पहिली गोष्ट हाडांची. प्रौढपणी हाडांत जेवढे खनिज असते त्यातले सुमारे एक चतुर्थांश वाढीच्या ऐन भरातल्या दोनच वर्षांत साठते. मुलींच्या बाबतीत ही वर्षे साधारण बारा-तेराच्या आसपास येतात. उड्या, धावणे, दोरीवरच्या उड्या यांनी हाडांवर भार पडतो आणि ती अधिक घट्ट होतात. साठीनंतर हाड मोडण्याचा धोका या वयातल्या साठवणीवरही ठरतो. आणि नेमके हेच वय मुली मैदानातून घरी बोलावल्या जाण्याचे! १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या पाहणीत २०१६ साली पुरेशी हालचाल न करणाऱ्या मुली ८५ टक्के व मुलगे ७८ टक्के आढळले.

सगळेच गुलाबी नाही. उडी मारून वळताना गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींत मुलांपेक्षा जास्त असते. त्याला उपाय म्हणजे खेळ बंद करणे नव्हे. उतरताना गुडघे वाकवून, सरळ रेषेत ठेवण्याचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा करून घेतला तर इजा बऱ्याच कमी होतात. दुसरे म्हणजे, भरपूर सराव आणि अपुरे जेवण असे झाले तर पाळी थांबते व हाडे ठिसूळ होऊ लागतात. इथे जेकोबींची अट आठवावी. आणि तिसरे, सर्वांत मोठे : रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या भारतीय मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी, म्हणजे दम लवकर लागणार. 'आमच्या मुलींना झेपत नाही' असे एखादे शिक्षक म्हणतात तेव्हा ते डोळ्यांना दिसणारे खरेच सांगत असतात. मात्र ते बाईपणामुळे नसून लोहाच्या कमतरतेमुळे असण्याचा संभव दाट आहे. पालेभाजी, कडधान्ये, लिंबू, जंतांचे औषध आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या यांचा समावेश म्हणून क्रीडाशिक्षणातच करायला हवा.

पुन्हा बुलडाणा

२०१९ साली चीनमधील चेंगदू येथे पोलीस व अग्निशमन दलांच्या जागतिक क्रीडास्पर्धा झाल्या. त्यात बुलडाणा जिल्हा पोलीस दलातील मोनाली जाधव हिने धनुर्विद्येत सुवर्णपदक जिंकले. बुलडाण्याला आता धनुर्विद्येचे गाव म्हणावे इतके खेळाडू तिथे घडत आहेत. इथल्याच प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्या वेळच्या अव्वल खेळाडूला हरवले. त्याच वर्षी साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये जगज्जेती झाली. हे दोघे ज्या प्रकारचे धनुष्य वापरतात त्यात लक्ष्याचे अंतर मुलगा असो वा मुलगी, ५० मीटरच असते. साध्या धनुष्यालाही ऑलिंपिकमध्ये १९९६ पासून दोघांना सारखेच ७० मीटर आहे. त्याआधीच्या पारंपरिक फेरीत पुरुषांचे सर्वांत लांब अंतर ९० मीटर व स्त्रियांचे ७० मीटर असे. बदलले, आणि काही बिघडले नाही.

याच जिल्ह्यात सिंदखेड राजाला जिजाबाईंचा जन्म झाला. दर १२ जानेवारीला तिथे मोठी गर्दी लोटते. आणि याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५५. ज्या मुली जन्मल्या त्यांच्यापैकी अनेकींच्या वाट्याला शाळेचे मैदान आठवी-नववीनंतर येत नाही. कारणे शिक्षकांना ठाऊक आहेत : मैदानाजवळ स्वच्छतागृह नसणे, सराव संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जाणे, घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नसणे, शेवटी लग्न. यांतले एकही शरीरशास्त्रात मोडत नाही. काही अगदी वेळापत्रकाचे प्रश्न आहेत. सराव शाळा सुटल्यावर न ठेवता मधल्या तासांत ठेवला, तर एसटीचा प्रश्न त्या दिवसापुरता मिटतो. गावातल्या दोन-चार आयांना सामना पाहायला बोलावले, तर 'लोक काय म्हणतील' यातले काही लोक तरी कमी होतात.

सुरुवात मोजण्यापासून करता येईल. एक आठवडा, मधल्या सुट्टीत आणि खेळाच्या तासाला, दर दहा मिनिटांनी पटांगणावर प्रत्यक्ष खेळणारी मुले किती आणि मुली किती, हे दोन विद्यार्थ्यांनी मोजावे व इयत्तेप्रमाणे लिहून ठेवावे. कडेला उभे असलेले वेगळे मोजावेत. आलेख काढला की मुलींची रेषा कोणत्या इयत्तेत खाली येते ते दिसेल. त्या इयत्तेतल्या मुलींना, बाई शिक्षिकांनी आणि चिठ्ठ्यांवर नाव न लिहिता, कारण विचारावे. जेकोबींची प्रश्नावली दीडशे वर्षांपूर्वीची असली तरी तिची रीत अजून उपयोगी पडते : आधी मुलींनाच विचारायचे, त्यांचे उत्तर आपण गृहीत धरायचे नाही. चिठ्ठ्या वाचताना शाळेची घंटा, एसटीचे वेळापत्रक आणि पटांगणातल्या नळाची चावी कोणाकडे असते, एवढी माहिती जवळ असू द्यावी.